घर मुलाच्या नावे करायचं आहे: गोव्यात मृत्युपत्राआधी करायचा हिशेब

नमस्कार. तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही निवृत्त आहात, राहता फोंड्याला. नोकरीत असताना बांधलेलं घर, सावईवेऱ्याच्या वडिलोपार्जित कुळागरात (माड-पोफळींच्या बागायतीत) भावंडांबरोबरचा वाटा, पुण्यात एक लहान फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी, एवढी मालमत्ता. पत्नी हयात आहेत. मुलगा-सून तुमच्याजवळ राहतात, मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. मुलगा सांभाळतो म्हणून घर पूर्णपणे त्याला द्यायचं मनात आहे. कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी मृत्युपत्राचा नमुना पाठवला आणि सांगितलं, ‘दोन साक्षीदारांसमोर सही करा, झालं.’ तर हा नमुना भरून चालेल का?

चालणार नाही. पण नमुन्याचा प्रश्न नंतरचा. त्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागेल: या मालमत्तेतलं तुमचं स्वतःचं किती, आणि त्यातलं मनाप्रमाणे देता येण्यासारखं किती? गोव्यात मृत्युपत्रांवरून जे वाद होतात, त्यांतले बरेच हा हिशेब न केल्यामुळे होतात. माणूस मनापासून लिहून ठेवतो, ‘घर धाकट्याला, बागायत थोरल्याला’, आणि तो गेल्यावर कळतं की त्यातलं निम्मं त्याचं नव्हतंच.

तुमच्या स्नेह्यांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही. महाराष्ट्रातला हिंदू माणूस स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, आणि साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र तिथे कायदेशीर ठरतं. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने जुने कायदे तसेच चालू ठेवले. वारसा, मृत्युपत्र आणि इन्व्हेंटरी (न्यायालयामार्फत होणारी वारशाची मोजदाद आणि वाटणी) यांपुरता आता गोव्याचा स्वतःचा कायदा आहे. तो ओळखला जातो २०१२ चा म्हणून, पण प्रत्यक्ष लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. जुन्या संहितेचा गाभा त्यात कायम आहे, आणि तो हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना सारखाच लागतो.

या गाभ्यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिली, लग्न. सब-रजिस्ट्रारकडे लग्नाची ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ करताना वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते. तुमच्या पगारातून बांधलेलं घर, पत्नीला माहेरून वारशाने आलेलं, तुम्हाला वडिलांकडून आलेलं, सगळं एका ठिकाणी येतं आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा हक्क असतो. कागदावर एकट्या तुमचं नाव असलं तरी फरक पडत नाही. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तुमच्या पश्चात पत्नीला हा अर्धा वाटा वारस म्हणून मिळणार नाही. तो आजही त्यांचाच आहे, आणि तुमच्या मृत्युपत्राचा त्याला स्पर्शही होऊ शकत नाही. वेगळा करार करायचाच तर तो लग्नाआधी करावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

दुसरी, मुलांचा राखीव हिस्सा. तुमच्या अर्ध्यातलाही अर्धा कायद्याने मुलांसाठी बाजूला ठेवलेला असतो. त्याला लेजिटिम म्हणतात. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही, लग्न झालेली आणि न झालेली यांतही नाही. एखादं अपत्य आधीच वारलं असेल तर त्याच्या जागी त्याची मुलं येतात. उरलेला अर्धा म्हणजे तुमचा डिस्पोजेबल कोटा. मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो एवढाच. अपत्याचा राखीव हिस्सा काढून घेणं अगदीच अशक्य नाही, पण त्यासाठी कायद्यात ठराविक गंभीर कारणं दिलेली आहेत, आणि जे कारण असेल ते मृत्युपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. ‘मुलगी लांब राहते’ किंवा ‘तिच्या लग्नात खर्च केला’ ही त्यांतली कारणं नाहीत.

आता आकडे घालून पाहू. ते मी धरलेले आहेत, त्या जागी तुम्ही खरे घाला. समजा घर ८० लाखांचं, पुण्याचा फ्लॅट ४० लाखांचा, कुळागरातला तुमचा वाटा २० लाखांचा आणि ठेवी २० लाखांच्या. एकूण १६० लाख. त्यातले ८० पत्नीचे. तुमच्या ८० मधले ४० राखीव, म्हणजे दोन्ही मुलांना २०-२०. राहिलेले ४० तुम्ही मुलाला दिलेत, तर तुमच्या पश्चात मुलाचे ६०, मुलीचे २० आणि पत्नीचे ८०. घर ८० लाखांचं आणि मुलाच्या वाट्याला ६०. म्हणजे एकट्या तुमच्या मृत्युपत्राने घर पूर्णपणे त्याचं होत नाही.

पण पत्नीनेही स्वतःचं वेगळं मृत्युपत्र करून त्यांचा डिस्पोजेबल कोटा मुलाला दिला, तर दोघांच्या पश्चात मुलाचे १२० आणि मुलीचे ४० होतात. घर, कुळागर आणि ठेवी मिळून १२०. पुण्याचा फ्लॅट ४०. तुम्हाला हवं तेच घडतं, तेही कुणाचा कायदेशीर हक्क न डावलता. मुलगी पुण्यातच राहते, फ्लॅट तिच्या सोयीचाही आहे. मात्र दोन मुलं असताना मुलीला एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी देता येत नाही, ही मर्यादा डोक्यात पक्की ठेवा. किंमतही आजची धरून चालत नाही. वाटणीच्या वेळी फ्लॅट महागलेला असेल किंवा घराचा भाव वाढलेला असेल, तर फरक रोखीने भरून काढावा लागतो. म्हणून ठेवींची एक रक्कम याच कामासाठी राखून ठेवायला मी सांगते.

लिहितानाही एक काळजी घ्यायची. ‘माझं फोंड्याचं घर मुलाला देत आहे’ असं सरळ लिहू नका. त्या घराच्या प्रत्येक विटेत पत्नीचा निम्मा हक्क आहे, आणि सामाईकातली एक ठराविक वस्तू एकट्याने देऊन टाकली की पुढे तक्रारीला जागा राहते. मी मसुद्यात असं लिहिते की डिस्पोजेबल कोटा अमक्याला, आणि वाटणीत त्याचा हिस्सा शक्यतो घरातून भरून द्यावा. मग घराची किंमत कितीही झाली तरी मृत्युपत्र टिकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एका ओळीत येतो. वयाचा विचार केला तर तुमच्या मागे बरीच वर्षं त्या असण्याची शक्यता मोठी आहे. अर्धा हक्क त्यांचा आहे हे खरं, पण तुम्ही गेल्यावर दोन्ही मुलं सहमालक होतात आणि त्यांतला कुणीही वाटणी मागू शकतो. म्हणून मी बहुतेकांना सुचवते की डिस्पोजेबल कोटा मुलाला द्या, पण त्याचा उपभोगाचा हक्क पत्नीला तहहयात ठेवा. पत्नीनेही त्यांच्या मृत्युपत्रात तुमच्यासाठी तसंच लिहावं. त्यांचं मृत्युपत्र त्या कधीही बदलू शकतात, तुमच्या पश्चातही. तो त्यांचा अधिकार आहे आणि तो राहिला पाहिजे. मुलासाठी म्हणून तो बांधून टाकायचा मार्ग मला कुणी विचारला तर मी नकार देते.

‘मुलीची आत्ताच सही घेऊन टाकू का?’ हे तुम्ही शेवटी विचारलंत. तिची कितीही खुशी असली तरी नाही. हयात माणसाच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही. असा कागद शंभराच्या स्टॅम्पवर केला काय किंवा पाचशेच्या, त्याला किंमत शून्य. हक्क सोडायचा तो तुमच्या पश्चात, स्पेशल नोटरीसमोरच्या दस्ताने (स्पेशल नोटरी म्हणजे कोण, ते पुढे सांगते), आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदाराच्या संमतीने. तोही अर्धवट किंवा अटी घालून सोडता येत नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी हे वारंवार पाहिलंय की राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीसमोर कागद ठेवला जातो, ती भावाच्या शब्दाखातर सही करते, आणि पुढे खरी वाटणी निघाली की तोच कागद भावा-बहिणीतल्या कडवटपणाचं कारण होतो. कायद्याने त्याचा उपयोग नसतो, नात्याचं नुकसान मात्र होऊन बसतं. मुलीला आत्ता बोलवा, पण सहीसाठी नको. तिला आणि मुलाला समोर बसवून वरचा हिशेब दाखवा. वडिलांच्या तोंडून ऐकलेली वाटणी मुलं सहसा मान्य करतात. तीच वकिलाच्या नोटिशीतून कळली की तिच्यावर संशय घेतात.

हयातीतच बक्षीसपत्र करून द्यावं का? तो मार्ग आहे, पण त्याने हिशेब चुकवता येत नाही. आई-वडिलांनी हयातीत दिलेलं बक्षीस पुढे वाटणीच्या वेळी त्या अपत्याच्या खात्यात धरलं जातं. ते डिस्पोजेबल कोट्यातून दिलंय असं दस्तात लिहिलं तर तसं धरतात, पण राखीव हिश्शाला धक्का लागत असेल तर तेवढं कापलं जातं. पत्नीची सहीही लागेल. आणि घर देऊन बसल्यावर तुम्ही स्वतःच्याच घरात मुलाच्या मर्जीने राहणार. तसं करायचंच असेल तर दोघांचाही तहहयात उपभोगाचा हक्क दस्तात राखून ठेवा, आणि सांभाळ करण्याची अट शब्दांत लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातल्या कलम २३ खाली असा दस्त रद्द करून घेता येतो, पण अट दस्तात लिहिलेली असेल तर तुमची बाजू कितीतरी भक्कम होते. तुमचा मुलगा चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही अट लिहाच.

आता पुण्याचा फ्लॅट. महाराष्ट्रातला आहे म्हणून त्याला तिथला कायदा, असं बहुतेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये जुझे पावलू कुतिन्यु यांच्या खटल्यात निर्णय दिला की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या भारतातल्या सगळ्या मालमत्तेला, ती गोव्याबाहेर असली तरी, गोव्याचाच वारसा कायदा लागतो. त्यामुळे फ्लॅटही वरच्या बेरजेत धरायचा. तुमची मुलगी मात्र महाराष्ट्रात लग्न करून तिथेच स्थायिक झाली आहे. तिच्या वाट्यात जावयाचा हक्क लागतो का, हे लग्न कुठे, कसं नोंदवलं आणि नवऱ्याचा अधिवास कुठला यांवर ठरेल. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलणं बरोबर होणार नाही.

कुळागराबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्या सगळ्या मालमत्तेत सर्वांत कच्ची बाजू तीच दिसते. तुम्ही लिहिलंय की फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर) अजून आजोबांचं आणि एका काकांचं नाव आहे. म्हणजे आजोबांच्या पश्चात वाटणी झालेली नाही. अशा वेळी तुमच्या हातात असतो तो न वाटलेला हिस्सा. ‘ओहोळाकडची माडांची बाजू माझी’ ही घरातली समजूत झाली, ती मृत्युपत्रात लिहून भागत नाही. आधी वारसांचा दस्त करावा लागेल, ज्याला आपण सक्सेशन डीड म्हणतो. मग सगळे एकमताने तयार असतील तर वाटणीचा दस्त, नसतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो, आणि जिची वाटणी होत नाही तिच्यावर वारस आपापसांत बोली लावतात. जास्त बोलणाऱ्याला वस्तू मिळते, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे.

जुने कागद काढताना नावांकडे लक्ष द्या. पोर्तुगीज नोंदींत कामत हे ‘कामोतिम’ असतात, केंकरे ‘क्वेंक्रो’ असतात, आणि एकाच आजोबांचं नाव जन्मनोंदीत एक, जमिनीच्या नोंदीत दुसरं आणि मृत्यूदाखल्यात तिसरं निघतं. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत हे सांगू शकणारी माणसं आज हयात आहेत. दहा वर्षांनी असतील की नाही सांगता येत नाही. म्हणून हे काम मृत्युपत्राच्याही आधी हातात घ्या.

पाणी आणि वाट यांचा उल्लेख विसरू नका. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात बापाने बागायतीचे दोन भाग अगदी न्यायाने केले होते, एक सूत इकडे-तिकडे नाही. विहीर वरच्या भागात आणि पोफळी खालच्या भागात. पाण्याचा पाट वरून खाली जातो, एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं. मार्च महिन्यात वरच्या भावाने पाट बुजवला आणि खालच्याच्या पोफळी डोळ्यांदेखत सुकायला लागल्या. विहीर, पंप, पाट, वाट, घराची सांडपाण्याची टाकी, वीजमीटर यांचं काय करायचं ते नाव घेऊन लिहा. कुळागरात मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर असेल तर तेही सांगा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो हक्क त्याच्या वारसांकडे जातो, आणि तुमच्या मुलांना मिळेल ती जमीन त्या हक्कासकटच मिळेल.

हे सगळं ठरलं की मृत्युपत्राचं काम सोपं. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या वकील-नोटरीचा गोल शिक्का इथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे स्पेशल नोटरी म्हणजे तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार. सार्वजनिक मृत्युपत्र त्यांच्यासमोर, त्यांच्या पुस्तकात नोंदवलं जातं. ते मोठ्याने वाचून दाखवतात, तुमची हीच इच्छा आहे ना असं विचारतात, आणि तुम्ही व साक्षीदार तिथेच सह्या करता. दुसरा प्रकार बंद मृत्युपत्राचा: मजकूर तुम्ही लिहून नेता, नोटरी त्यावर मान्यतेची नोंद करून सील करतात. मजकूर गुप्त राहतो, पण मसुद्यात चूक असली तर ती तुमच्या पश्चातच उघडी पडते. म्हणून मी सार्वजनिकच सुचवते. ‘सार्वजनिक’ या शब्दाने दचकू नका. तुम्ही हयात असेपर्यंत त्याची प्रत इतर कुणाला मिळत नाही.

मसुदा बहुधा इंग्रजीत होतो. तो तुमच्या भाषेत शब्दन् शब्द समजावून घ्या. साक्षीदार म्हणून ज्यांना काही मिळणार आहे त्यांना, किंवा त्यांच्या नवरा-बायकोला नेऊ नका. त्या दिवशी मुलाने गाडीतून सोडलं तरी आत येऊ नये. आणि त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. दबावाचा आणि विस्मरणाचा आरोप बहुतेक वादांत होतोच, आणि त्याला उत्तर त्याच दिवशी तयार झालेलं असावं.

ठेवींवर मुलाचं नामनिर्देशन केलंय, म्हणून त्या त्याच्याच, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. तसं होत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो तो वारसांच्या वतीने. शेअर आणि डिबेंचरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. नामनिर्देशन ठेवा, त्याने पैसे लवकर सुटतात. पण रक्कम हिशेबात धरा.

तुमचा प्रश्न वाचून इथे अपत्य नसलेली जोडपीही येतील, त्यांच्यासाठी एवढंच. गोव्याच्या वारसाक्रमात मुलं नसतील तर आई-वडील, तेही नसतील तर भावंडं आणि त्यांची मुलं येतात, आणि जोडीदाराचा क्रम त्यांच्या नंतर लागतो. बायकोचा स्वतःचा अर्धा हिस्सा शाबूत राहतो, पण नवऱ्याच्या अर्ध्यावर दीर-नणंदा हक्क सांगू शकतात. आई-वडील हयात नसतील तर राखीव हिश्शाचं बंधन नसतं, आपलं सगळं जोडीदाराला देता येतं. अशा जोडप्यांनी मृत्युपत्र पुढे ढकलू नये, दोघांनी वेगवेगळं करावं, आणि या महिन्यातच करावं.

तुमच्या बाबतीत पुढचं सांगायला मला दोन गोष्टी लागतील. तुमच्या लग्नाची नोंद कुठे आणि कोणत्या वर्षी झाली, आणि लग्नाआधी कसला करार केला होता का, हे लग्नाच्या दाखल्यावरून पाहून कळवा. दुसरं, कुळागराचा आजचा फॉर्म एक-चौदा काढून त्यावर कूळ आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहा. तिथे कुळाचं नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा मध्ये येतो, आणि मग वरच्या बेरजेतले कुळागराचे २० लाख वेगळ्याने मोजावे लागतील.